वारसा : तुमचे प्रश्न

प्रश्न : ठाण्यात आमच्या पाखाडीच्या तोंडाशी कोरीव दगडी क्रूस आहे. त्यावर कोंबडा, शिडी आणि तळाशी कवटी आहे. कवटीला नवी पिढी बिचकते. तो १३२१च्या हुतात्म्यांच्या काळचा असल्याचं थोरले सांगत. दर मे महिन्यात आम्ही त्याला ऑइलपेंट देतो. यंदा पायथ्याला सिमेंटही करायचं घाटतंय. करावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सिमेंटचं काम आधी थांबवा, मग बाकीचं बोलू.

१३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचे) संन्यासी मारले गेले, हे खरं. ते उतरले होते इथल्याच एका नेस्टोरियन, म्हणजे इराणकडच्या पूर्वेच्या चर्चच्या परंपरेतल्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे. पुढे त्या हुतात्म्यांच्या अस्थी नेणाऱ्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने इथे नेस्टोरियनांची पंधरा घरं असल्याचं लिहून ठेवलंय. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती प्रार्थना होत होती. त्याचा अभिमान तुम्ही जरूर बाळगा. पण त्या पूर्वेकडच्या परंपरेचे दगडी क्रूस वेगळे दिसतात. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७मध्ये सापडलेला क्रूस बघा : टोकाशी फुललेल्या भुजा, खाली पानांची नक्षी, कडेने पहलवी (जुन्या इराणी भाषेतली) अक्षरं. येशूची मूर्ती नाही, कवटीही नाही.

तुमच्या क्रूसावरच्या खुणा येशूच्या दुःखसहनाच्या आहेत, आणि ही कॅथलिक पद्धत आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. येशूला आपण ओळखत नाही, असं त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाल्यावर आरवला तो कोंबडा. देह खाली उतरवायला लावली ती शिडी. आणि कवटी आदामाची : येशूला जिथे खिळलं त्याच टेकडीखाली आदाम पुरला आहे, अशी जुनी श्रद्धा. पहिल्या माणसाच्या मरणावर उभा राहिलेला क्रूस, असा त्याचा अर्थ. मुलांना हे क्रूसापुढे उभं करून सांगा, कोणी बिचकणार नाही.

तेव्हा क्रूस पोर्तुगीज काळातला किंवा त्यानंतरचा. १८९६च्या प्लेगात मुंबई आणि आसपासच्या गावांत लोकांनी बरेच क्रूस उभारले, त्यांतलाही असू शकेल. साल बहुधा पायथ्याच्या दगडावरच कोरलेलं असतं, आणि तुम्ही सिमेंट नेमकं तिथेच थापणार आहात! अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. रंगाच्या थरांखालची अक्षरंही सावलीने उठून दिसतात. लगेच फोटो काढा.

ऑइलपेंट आता पुरे. रंग आणि सिमेंट जमिनीतली ओल आत कोंडून ठेवतात. तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाचा पापुद्रा सोडवतात, आणि त्या पापुद्र्याबरोबर कोरीवकाम जातं. जुना रंग तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढू नका. दगडाच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून आधी हातभर जागेवर करून बघा. सांधे भरायचे तर चुन्यानेच. मे महिन्यातल्या मेणबत्त्या क्रूसापासून वीतभर लांब, पत्र्याच्या ताटात लावा. हारांना मात्र कसलीच हरकत नाही.