कस्टर्डचं कवच आणि आपला चीक

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. "आमच्याकडे वाद पेटलाय. नवरा म्हणतो, अंड्याशिवाय कस्टर्ड होऊच शकत नाही, डब्यातल्या पिवळ्या पावडरीचं ते नुसतं खळ. मी म्हणते, लहानपणी आई दर रविवारी करायची तेच कस्टर्ड. खरं कोणाचं? या शब्दाला मराठी प्रतिशब्द आहे का? आणि पुडिंग म्हणजे वेगळं काय?"

आधी उच्चाराबद्दल बोलून घेतो, नाहीतर मला पुढचं सुचणार नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी "कस्टर घ्या, कस्टर" म्हणत फिरतो तेव्हा माझं डोकं फिरतं. पण इथे बोलायची सोय नाही, कारण ज्यांचा शब्द त्यांनीच त्याची आधी मोडतोड केली आहे. मूळ शब्दात 'क' ला 'र' जोडलेला होता. लॅटिन 'क्रुस्टा' म्हणजे कवच, कडक पापुद्रा. त्यावरून जुनी फ्रेंच, तिथून इंग्रजीत 'क्रुस्टाड', 'क्रुस्टार्ड'. पुढे क्र चा क झाला. ज्यांनी पहिला 'र' खाल्ला त्यांच्या शब्दातला शेवटचा 'ड' आपण खाल्ला, तर फिट्टंफाट.

आता गंमत बघा. नाव कवचाचं आहे, आतल्या पिवळ्या लगद्याचं नाही. १३९० च्या सुमारास इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती लिहून ठेवलेल्या आहेत, त्यांत क्रुस्टार्ड मांसाचं आहे आणि मासळीचंही आहे. कणकेची खोलगट पारी करायची, तिच्यात सारण भरायचं आणि भाजायचं. सारणात दूध-अंडं असायचं, ते गोड होत गेलं, मग पारी गळाली आणि नाव आतल्या ऐवजाला चिकटलं. यात नवल काही नाही. आपण "डबा खाल्ला" म्हणतोच की, पत्रा कोणी चावत नाही. तेव्हा बाई, यजमानांना सांगा की मुळावरच जायचं असेल तर कवचाशिवाय कस्टर्ड नाही. अंडं हा फार पुढचा मुद्दा.

पावडरीचा जन्म १८३७ चा, बर्मिंगहॅममधला. आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्या होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे आणि कस्टर्ड तर आवडे. म्हणून त्याने मक्याच्या पिठाचं, बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं. त्याच्या बायकोच्या पोटाचा प्रश्न होता, आपल्याकडे सोवळ्याचा. ज्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नाही, तिथे ही पावडर सुखाने नांदली. फक्त तिचा पिवळा रंग कशाची आठवण आहे ते कोणी विचारलं नाही. बलक नाही, पण बलकाचा रंग मात्र आहे! माझी आजी एकादशी सोडून कधीही वाटीभर खायची. तिला मी हे सांगितलं नाही, तेवढी अक्कल तेव्हाही होती.

आता प्रतिशब्द. काही शब्दप्रेमी 'घट्टक्षीर', 'अंडदुग्ध' असले शब्द पाडतात. 'अंडदुग्ध' हा शब्द ज्यांनी पाडला त्यांनी तो एकदा जेवायला बसल्यावर मोठ्याने म्हणून बघावा. दुसरे एक गृहस्थ सांगतात की सीताफळाला इंग्रजीत 'कस्टर्ड ॲपल' म्हणतात, म्हणून कस्टर्ड म्हणजे मुळात सीताफळाचा गर. हे उलटं आहे. कस्टर्ड आधीचं. अमेरिका खंडातलं हे फळ पाहिल्यावर त्याचा गर कस्टर्डसारखा लागला म्हणून ते नाव पडलं. वेस्ट इंडीजमध्ये तर ते नाव सीताफळापेक्षा रामफळालाच जास्त लागू होतं.

माझं म्हणणं असं की शब्द आपल्या घरात पडलेला आहे, आणि नवा तर मुळीच नाही: चीक.

हसू नका, नीट ऐका. दूध घट्ट होऊन थरथरतं याला दोन वाटा आहेत. एक, त्यातल्या प्रथिनांना उष्णता लागून ती आवळतात. अंड्याचं कस्टर्ड असं होतं. दुसरी, पिठातलं सत्त्व गरम पाण्यात किंवा दुधात फुगतं आणि सगळं धरून ठेवतं. पावडरीचं कस्टर्ड असं होतं. तुमच्या घरचं भांडण याच दोन वाटांचं आहे. आणि मराठीत या दोन्ही वाटांना एकच शब्द आहे! गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांत निघतं ते दूध म्हणजे चीक. तो वाफवला की आपल्या प्रथिनांनीच घट्ट होतो, त्याचा खरवस. आणि गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून, रात्रभर ठेवल्यावर वरचं पाणी ओतून तळाशी जो पांढरा थर उरतो तोही चीकच, कुरडयांचा. कॉर्नफ्लोअर म्हणजे दुसरं काय? मक्याचा चीक.

आमच्या अंगणात कुरडयांच्या दिवशी पहाटे पाचला चूल पेटायची. पातेल्यात आधणाचं पाणी, मीठ, हिंग, आणि आई बारीक धारेने चीक ओतत असायची, मावशी चाटूने घोटत. दोघींना बोलायला वेळ नसे, कारण हात थांबला की गाठी. पांढरा पातळ द्राव बघता बघता काचेसारखा व्हायचा आणि चाटू त्यात उभा राहायचा. सोऱ्यात भरण्याआधी आम्हा पोरांना वाटीत गरम चीक मिळायचा, वर तूप आणि साखर. कडेने गार होत आलेला आधी खायचा, मधला शेवटी. कस्टर्डची पहिली वाटी मी पुढे कधीतरी खाल्ली आणि मला ती ओळखीची वाटली ती यामुळेच.

माझे एक संस्कृतज्ञ स्नेही म्हणतात, गाईचा चीक वेगळा आणि गव्हाचा चीक वेगळा, हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, योगायोगाने सारखे दिसतात. कशावरून? तर अर्थ वेगळे आहेत म्हणून! अहो, वडाचाही चीक निघतो, कच्च्या पपईचाही. सगळ्यांत बोटाला ओढून धरणारा गुण तोच. चिकट, चिकटणे, चिकाटी, संस्कृतातलं चिक्कण, ही सगळी मला तरी एकाच कुळातली वाटतात. फक्त चिक्कूला या कुटुंबात ओढू नका; तो स्पॅनिश 'चिकोसापोते'वरून आलाय आणि त्याच्या मागे मेक्सिकोतली नाहुआतल भाषा आहे. त्या झाडाच्या चिकापासून च्युइंगगम बनायचं, हा मात्र खरोखरीचा योगायोग.

याच स्नेह्यांना आणखी एक चिमटा काढायचा आहे. 'पीयूष' म्हणजे अमृत, एवढंच ते शिकवतात. अमरकोशात अमृताच्या जोडीला तो शब्द आहे हे खरं, पण त्याच अमरकोशात गोरसाच्या श्लोकांत "पीयूषोऽभिनवं पयः" असंही आहे. अभिनव पय, म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध. अजून मागे जा. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात ३५ व्या सूक्तात अपां नपात् हा देव 'पूर्वसूं'चं, म्हणजे पहिलटकरणींचं पीयूष पितो. तिथे चीक हा अर्थ इतका उघड आहे की वाद घालायला जागा नाही. हिंदीतला 'पेवस' हा याच शब्दाचा वंशज, आणि त्याचा अर्थ आजही चीकच. म्हणजे देवांनी समुद्र घुसळून काढलं ते आधी गोठ्यात होतं. आणि दादरला आपण श्रीखंड-ताकाचं जे जायफळ घातलेलं पिवळसर पीयूष पितो, त्यात चिकाचा थेंबही नसतो. पिणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मीही पितो.

याच कारणाने 'इन्स्टंट खरवस' या पाटीवर मी चिडतो. दूध पावडर, दही आणि आटवलेलं दूध एकत्र करून वाफवायचं आणि त्याला खरवस म्हणायचं. चव बरी असते, मान्य. पण चीक नसेल तर खरवस कसला? आमच्याकडे पहिल्या दिवसाचा चीक आला की आई आधी चमचाभर वाटीत वाफवून बघायची. रबरासारखा झाला तर उरलेल्यात साधं दूध वाढवायचं, मगच गूळ-वेलची. हा अंदाज पाकिटावर छापता येत नाही. (बाई म्हणतील, मग पावडरीचं कस्टर्ड तरी कस्टर्ड कसं? माझ्याकडे उत्तर आहे: त्या पावडरीत निदान चीक तरी आहे, मक्याचा का असेना.)

निवाडा मागितलाच आहे तर, घरातलं कस्टर्ड तुमचं, पारशी लग्नातलं यजमानांचं. लगन-नु-कस्टर्ड खाऊन बघा: अंडी, आटवलेलं दूध, वेलची-जायफळ, वरून चारोळी, आणि भट्टीत भाजून वर आलेला तपकिरी पापुद्रा. पारी गेली, पण क्रुस्टाचा अंश कुठे राहिला असेल तर तिथे.

पुडिंग राहिलंच. ते मुळात गोड नव्हतं. आतड्यात मांस, चरबी आणि रक्त भरून उकडलेलं सॉसेज, त्याला पुडिंग म्हणत. इंग्लंडात 'ब्लॅक पुडिंग' अजून तसंच मिळतं. फ्रेंच 'बुदँ' हे त्याचं मूळ की जर्मानिक भाषांतला 'फुगणे' अर्थाचा धातू, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. मी बुदँवाल्यांच्या बाजूचा आहे, कारण फुगण्यावरून नाव द्यायचं तर जगातले निम्मे पदार्थ पुडिंग ठरतील. गोव्यात पोर्तुगीजांमार्फत आलेलं 'पुडीम' मिळतं, तोही इंग्रजी शब्द पोर्तुगालला जाऊन आलेला. आईच्या रविवारच्या वाटीला पुडिंग म्हटलं तरी चालेल, फक्त हा परिच्छेद यजमानांना जेवणानंतर वाचायला द्या.