टीएमटी नॉर्मल आली, म्हणजे ६०० किलोमीटरची बीआरएम निर्धास्तपणे करता येईल का?

आपले वय ४७, २०० किलोमीटरच्या चार बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) वेळेत पूर्ण, वडिलांना ५३व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आणि स्वतःची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी पाहण्याची चाचणी) नॉर्मल, असे आपण लिहिले आहे. ओळखीतल्या एका सायकलस्वाराचे राइडदरम्यान निधन झाल्यापासून घरच्यांचा विरोध आहे, आणि तरीही ६०० ची तयारी करावी का, हा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. ५१व्या वर्षी स्टेंट बसलेला आणि नंतर पुन्हा सायकलवर आलेला एक हौशी सायकलस्वार आहे. जे लिहितो आहे ते स्वतःच्या अनुभवातून आणि माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना वारंवार प्रश्न विचारून समजून घेतलेले आहे.

सायकल सोडण्याचे कारण मला आपल्या लिहिण्यात दिसत नाही. मात्र टीएमटीच्या एका कागदावर विसंबून ६०० ची नोंदणी करू नये, असे मी कळकळीने सांगेन. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो स्वतंत्र धोका मानतात. आपल्या प्रश्नातली सर्वांत वजनदार ओळ तीच आहे, आणि आपण ती ओघात लिहून पुढे गेला आहात.

माझ्या बाबतीत काय झाले ते सांगतो. पुणे-सातारा-पुणे अशी २०० ची राइड होती. पहाटे निघालो, शिरवळला पोहे आणि चहा घेतला आणि खंबाटकीच्या चढाला लागलो. तिसऱ्या वळणाच्या आसपास छातीच्या मधोमध दडपण आले. दुखणे म्हणावे असे ते नव्हते. आतून कोणी तळहात दाबून धरावा तसे वाटत होते, आणि डाव्या बाजूचा जबडा ओढल्यासारखा झाला होता. सायकल कडेला घेऊन थांबलो की दोन-तीन मिनिटांत ते जाई, पेडल मारू लागलो की पुन्हा येई. पोह्यांचे पित्त झाले असे समजून मी इनोची पुडी पाण्यात टाकून प्यालो. घाटमाथ्यानंतर उतारावर काहीच जाणवले नाही, म्हणून माझी समजूत पक्की झाली. साताऱ्याच्या कंट्रोलवर, म्हणजे नोंदीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदपत्रावर) शिक्का घेतला तेव्हा वेळेच्या मर्यादेला जेमतेम अर्धा तास उरला होता, आणि परतीच्या शंभराहून अधिक किलोमीटरांत मी शरीराकडे पाहिलेच नाही, फक्त घड्याळाकडे पाहिले. २०० साठीच्या साडेतेरा तासांच्या मर्यादेत पोहोचलो. नवव्या दिवशी अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत ९० टक्के अडथळा निघाला.

पित्त चढ-उतार पाहून येत-जात नाही. श्रम वाढले की येणारे आणि थांबले की जाणारे दडपण, मग ते छातीत असो, जबड्यात असो, खांद्यात असो वा पोटाच्या वरच्या भागात, हृदयाचे आहे असेच धरून चालावे आणि राइड तिथेच सोडावी. डीएनएफ, म्हणजे ‘राइड अपूर्ण’ असा शेरा, लागला म्हणून कोणाचे काही जात नाही. पुढच्या महिन्यात दुसरी बीआरएम असते.

आता टीएमटीविषयी. रक्तप्रवाह अडण्याइतका मोठा अडथळा असेल, तर ट्रेडमिलवर ईसीजीमध्ये बदल दिसण्याची शक्यता असते. परंतु अनेक झटके धमनी फारशी अरुंद न करणाऱ्या, मऊ चरबीच्या थरामुळे येतात. तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. असा थर आदल्या आठवड्याच्या टीएमटीत दिसेलच असे नाही. शिवाय ती चाचणी दहा-बारा मिनिटांची असते, आणि ६०० ची राइड ४० तासांची, तीही अपुऱ्या झोपेची आणि पाणी-क्षार कमी-जास्त होण्याची. पस्तिशीनंतर व्यायाम करताना होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचे मुख्य कारण हेच धमन्यांचे आजार असतात. तरुणांमध्ये बहुधा हृदयाच्या स्नायूचे किंवा विद्युतप्रणालीचे आनुवंशिक दोष आढळतात. भारतीयांना धमन्यांचा आजार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, हेही ४७व्या वर्षी विसरून चालणार नाही.

दुसरा धोका ठोक्यांच्या अनियमिततेचा आहे. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या व्हासालोपेट या स्की शर्यतीतील ५२,७५५ स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ती शर्यत अधिक वेळा आणि अधिक वेगाने पूर्ण केली, त्यांच्यात ठोक्यांचे विकार जास्त आढळले. त्याच शर्यतीतील स्पर्धकांचा एकूण मृत्युदर मात्र सामान्य लोकसंख्येपेक्षा कमी असल्याचे आधीच दिसून आले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि घरच्यांशी बोलताना दोन्ही सांगाव्यात. छातीत अचानक फडफड होणे, घड्याळावर नाडी कारणाशिवाय एकदम १८०-१९० दाखवणे, किंवा श्रम चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले, तर राइड थांबवून तज्ज्ञांना दाखवावे. छातीवरच्या पट्ट्याचा नाडी मोजणारा सेन्सर चुकला असेल, असे म्हणून सोडून देऊ नये.

तेव्हा खेळाडू तपासण्याचा अनुभव असलेल्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी आणि वडिलांचा इतिहास व ६०० चा बेत, दोन्ही पहिल्याच वाक्यात सांगावे. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि आयुष्यात एकदा तरी लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एक आनुवंशिक चरबीचा घटक) या तपासण्या स्वस्तातल्या आणि मोलाच्या आहेत. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारे स्कॅन) किंवा सीटी अँजिओग्राफी लागेल का, हे तेच ठरवतील. औषध सुरू झाले तर त्याचा सायकलवर काय परिणाम होईल तेही विचारावे: बीटा ब्लॉकर (नाडीचा वेग कमी ठेवणारे औषध) घेणाऱ्याची नाडी नेहमीइतकी चढत नाही, त्यामुळे कमाल नाडीचे २२० वजा वय हे सूत्र त्याला लागू पडत नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना पडलो तर रक्तस्राव आटोक्यात येणार नाही, या भीतीने मी वर्षभर रस्त्यावर गेलो नाही. घरात एका जागी सायकल चालवण्याच्या ट्रेनर या यंत्रावरच पेडल मारत राहिलो.

ताप किंवा अंगदुखी असताना, आणि ती गेल्यानंतरचे काही दिवसही, लांब राइड करू नये. विषाणूजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्या अवस्थेतले श्रम जिवावर बेततात. गुडघा दुखतो म्हणून रात्रभर वेदनाशामक गोळ्या खाणेही मूत्रपिंडाला आणि हृदयाला महाग पडते.

एक विनंती आपल्या गटासाठी. सोबतचा माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसले, तर एकाने १०८ लावावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब देणे सुरू करावे. महामार्गावर रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे आपल्याच हातात असतात, आणि दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. आमच्या गटाने एका रविवारी राइड रद्द करून हे प्रशिक्षण घेतले. गुडघ्यांवर बसून पुतळ्याच्या छातीवर दोन मिनिटे दाब दिल्यावर चांगले तयारीचे सायकलस्वारही घामाघूम झाले होते, म्हणून आलटून पालटून कसे करायचे तेही शिकून घ्यावे.

तपासण्या स्वच्छ आल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर आधी ३०० करावी, मग ४००. तपासणीला जाताना पत्नीला सोबत न्यावे आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत.