आधी सांगा, ओहोटीला बोट कुठे बसणार?

प्रश्न : नमस्कार, मी मूळची सांगलीची, सध्या ब्रिस्टलला असते. मागच्या वर्षी मिस्टरांनी आणि मी सेलिंगचा कोर्स केला आणि आता शनिवार-रविवार मुक्काम करता येईल अशी एक जुनी छोटी शिडाची बोट घ्यायचं चाललंय. दोन बघून आलो, एक फोकबोट आणि एक वेस्टर्ली सेंटॉर. फोकबोट बघताक्षणी आवडली, सेंटॉर जरा ठोकळ्यासारखी वाटली. जागा मिळतेय ती खाडीत आहे, ओहोटीला पूर्ण कोरडी पडते. उन्हाळ्यात सासू-सासरे येणार आहेत. कुठली घेऊ?

उत्तर : ताई, सेंटॉर घ्या. फोकबोट आवडली यात तुमचं काही चुकलेलं नाही, माझीही ती फार लाडकी आहे. १९४१ साली स्कँडिनेव्हियात साध्या पगारदार माणसाला परवडेल अशा बोटीसाठी स्पर्धा झाली, एकही डिझाइन पूर्ण पसंत पडेना, मग निवडक चार डिझाइनमधलं चांगलं ते एकत्र करून टूर्ड सुन्देन यांनी नकाशे काढले आणि १९४२ ला पहिली बोट पाण्यात उतरली. फोक म्हणजे लोक, लोकांची बोट. जेमतेम पंचवीस फुटांची, पण समुद्रात इतकी समजूतदार की १९६० च्या पहिल्या एकट्याने अटलांटिक पार करायच्या शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर फोकबोटीवरच बेतलेली 'जेस्टर' घेऊन गेले, वर एकच चिनी पद्धतीचं शीड, आणि दुसरे आले.

पण तुमची जागा कोरडी पडते ना, तिथेच सगळं ठरतं. फोकबोटीला पुढून मागपर्यंत एकच लांब कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, पाण्याखाली १.२ मीटर. पाणी गेलं की ती एका कुशीवर आडवी होते. मी एकदा अशा बोटीवर रात्र काढलीय. आधी टेबलावरचा चमचा हळूच सरकायला लागला, मग कपातला चहा एका कडेला चढला, अर्ध्या तासाने मी अंथरुणात नव्हतोच, बोटीची भिंत आणि फळी यांच्या बेचक्यात झोपलो होतो आणि दुसऱ्या बाजूचं कपाट डोक्यावर लोंबत होतं. बाजूंना टेकू म्हणून पाय लावता येतात, पण मऊ चिखलात एक पाय रुतला की संपलं. आणि तुमच्या ब्रिस्टल चॅनलची भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, म्हणजे हे दिवसातून दोनदा होणार.

सेंटॉर नेमकी अशाच जागांसाठी काढलेली. १९६९ ची, लॉरेंट जाइल्स या ब्रिटिश बोट-डिझायनरच्या ऑफिसचं डिझाइन, दोन्ही बाजूंना एकेक कील, पाण्यात जेमतेम ०.९ मीटर, ओहोटीला दोन पायांवर सरळ उभी राहते. चोवीसशेच्या वर बांधल्या गेल्या त्या काही उगाच नाही. वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती जास्त बाजूला ढकलली जाते, फोकबोट तिथे सुंदर चालते, हे कबूल. पण वेगाचं म्हणाल तर मोठा फरक नाही, असल्या बोटीचा जास्तीत जास्त वेग पाण्यावरच्या लांबीवर ठरतो आणि दोघींचाही तो सहा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपासच येतो.

आणि सासू-सासरे. सेंटॉरमध्ये केबिनमध्ये साधारण सहा फूट उंची मिळते, माणूस उभा राहून पँट घालू शकतो आणि टॉयलेटला वेगळा कोपरा आहे. फोकबोटीत सगळं वाकून. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही चैन नाही, गरज आहे. बघायला जाल तेव्हा सासऱ्यांना त्या आत उतरायच्या पायऱ्यांवरून एकदा खाली-वर जायला लावा, पकडायला दांडा कुठे आहे ते बघा.

पैसे देण्याआधी एक काम नक्की करा. बोट चिखलात उभी असताना सगळं वजन दोन कीलांवर येतं आणि पाणी जाताना लाटा असल्या की कील तळावर आपटत राहतात, त्यामुळे जुन्या सेंटॉरमध्ये कील जिथे बोटीला जोडलेत तो भाग दमलेला असू शकतो. आतल्या फळ्या उचला, बोल्टांभोवती केसासारख्या भेगा, गंजाचे ओघळ, ओल दिसते का बघा. आतून मजबुती केलेली असेल तर तिची बिलं मागा. बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेयरचे पैसे वाचवू नका.

प्रश्न : कील जड असेल तेवढी बोट सुरक्षित, असं आहे का? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : नुसतं जड असून भागत नाही, वजन किती खाली आहे ते बघायचं. फोकबोटीचं वजन दोन टनांच्या आत आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग लोखंडी कील, पण बोट अरुंद, म्हणून वाऱ्याने आधी झटकन कलते आणि मग कलायची थांबते. रुंद बोट सुरुवातीला ताठ वाटते, नवख्याला धीर येतो, पण फार कलली की रुंदीचा उपयोग संपतो आणि तिथून पुढे खालचं वजनच तिला परत उभं करतं. आणि आत पाणी शिरलं तर दोन्हीचा हिशोब बिघडतो, म्हणून वारा वाढला की आधी झाकणं बंद करायची.

प्रश्न : जगप्रदक्षिणा केलेली 'सुहैली' ही शिडाची बोट मुंबईत बांधली होती म्हणे. तेच डिझाइन वापरून अलिबागकडे बोट बांधावी का?

उत्तर : हो, खरं आहे. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती कुलाब्यात आपल्या सुतारांकडून सागवानात बांधून घेतली, १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून उतरवली. बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची, अमेरिकन डिझायनर अ‍ॅटकिन यांचं 'एरिक' नावाचं जुनं डिझाइन, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचाव नौकांत. १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली बोट ती, सरासरी वेग साधारण चार नॉट. वाटेत दोन्ही बाजूंनी कीलजवळच्या सांध्यातून, म्हणजे आपले सुतार पठाण म्हणतात त्याच्या शेजारून, पाणी यायला लागलं तर त्यांनी बुडी मारून सांध्यात कापूस भरला आणि वरून तांब्याची पट्टी मारली. पुढे वाऱ्यावर आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं तरी शिडांचा तोल जमवला की बोट आपली आपण सरळ चालायची. लांब कीलचा हा गुण.

पण अलिबागसाठी बांधू नका. तिला साडेपाच फूट पाणी लागतं, आपल्या खाड्या गाळाने भरलेल्या, उधाणाच्या ओहोटीला तर मधला खोल प्रवाह सोडून सगळीकडे चिखलच. वर सागवानाचा खर्च, आणि पावसाळ्यात चार महिने एवढी जड बोट वर ओढून ठेवायची कुठे? तुम्हाला मांडवा, रेवदंडा, मुरूड करायचंय, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न नाही. वीस-बावीस फुटी, फायबरची किंवा मरीन प्लायची, कील वर उचलता येते अशी बघा, जी कील वर घेतल्यावर दीड-दोन फूट पाण्यात तरंगते आणि जूनच्या आधी ट्रेलरवर घेऊन अंगणात आणता येते. मोजमाप सुरू करण्याआधी एका अमावस्येच्या ओहोटीला तुमच्या जेटीवर जाऊन उभे राहा, हातात खुणा केलेली काठी घ्या, आणि पाणी किती उरतं ते मला कळवा, मग आपण कीलचं बोलू.