अपोलो कग्वा यांनी लिहिलेला बुगांडाचा इतिहास कितपत खरा मानावा?

तुम्ही विचारलंय की कग्वा स्वतः बुगांडात, म्हणजे आजच्या युगांडातल्या राज्यात, सत्तेत होते, मग त्यांचा इतिहास म्हणजे दरबारी बखरच नाही का? आहेच. पण म्हणून ती बाजूला ठेवू नका. ती नसती तर बुगांडाच्या जुन्या राजांबद्दल आपल्या हाती फार थोडं उरलं असतं.

कग्वा काबाका, म्हणजे राजा, म्वांगाच्या वाड्यात हुजऱ्या होते. 1886 मध्ये म्वांगाने ख्रिस्ती झालेल्या हुजऱ्यांना जाळून मारलं, तेव्हा कग्वा मार खाऊन वाचले. पुढे धर्मांच्या नावाने गट लढले आणि 1889 मध्ये ते कतिकिरो, म्हणजे मुख्य प्रधान झाले. ते पद त्यांनी 1926 पर्यंत सोडलं नाही. 1897 मध्ये जेमतेम एक वर्षाच्या दाउदी च्वाला गादीवर बसवलं, तेव्हा राज्य चालवणाऱ्या तीन कारभाऱ्यांत तेही होते.

एवढा व्याप सांभाळून त्यांनी म्हाताऱ्या जाणकारांना बोलावून त्यांच्या आठवणी टिपल्या, त्याही लुगांडात, म्हणजे बुगांडाच्याच भाषेत! 1901 मध्ये राजांचा इतिहास, 1905 मध्ये चालीरीती, 1912 मध्ये कुळांची माहिती. राजधानी मेंगोला स्वतःचा छापखानाही काढला. त्यांचं कूळ न्सेनेने, म्हणजे नाकतोड्याचं. बुगांडात नाकतोडे आवडीने खातात, पण या कुळाला ते वर्ज्य. या आपल्या कुळावरही त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. आपल्याकडचे कुलवृत्तांत पाहिले असतील तर ही धडपड लगेच ओळखीची वाटेल.

मला अस्वस्थ करते ती जमिनीची गोष्ट. 1900 च्या करारात इंग्रजांनी सुमारे 8,000 चौरस मैल जमीन सरदार आणि इतर खासगी मालकांसाठी ठेवली. वाटणी सरदारांच्याच हातात होती, आणि त्यांत कग्वा अग्रभागी. या वाटणीत अनेक कुळांच्या बुताका जमिनी, जिथे त्यांचे पूर्वज पुरलेले होते, दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. 1920 च्या दशकात कुळांचे प्रमुख, बताका, तक्रार घेऊन थेट काबाकाकडे गेले. म्हणजे कुळांचा इतिहास ज्यांनी जपला, त्यांच्याच कारभारात कुळांची थडगी परक्यांच्या मालकीत गेली. म्हणून 1912 चं पुस्तक वाचताना कुठल्या कुळाचा कुठल्या जागेवर हक्क सांगितलाय, ते मी फार जपून वाचतो. लिहिणाऱ्याचा त्या प्रश्नाशी थेट संबंध होता. चालीरीतींचं वर्णन मात्र मी बऱ्याच विश्वासाने घेतो. वाड्यातली कामं, मानपान, पदांची उतरंड हे त्यांनी लहानपणापासून आतून पाहिलेलं होतं.

1926 मध्ये इंग्रज अधिकाऱ्याशी वाद होऊन त्यांना पद सोडावं लागलं आणि पुढच्याच वर्षी नैरोबीत ते वारले.

वाचायचं असेल तर सेमाकुला किवानुका यांनी राजांच्या इतिहासाचा केलेला इंग्रजी अनुवाद शोधा. तो 1971 मध्ये आला. किवानुका स्वतः इतिहासकार, त्यामुळे मूळ मजकुराइतक्याच त्यांच्या टिपाही सावकाश वाचा.