हरिकेनमध्ये मांजराला दोन दिवसांचं खाणं ठेवून घरातच सोडलं तर चालेल का? (आम्ही फ्लोरिडात राहतो)

नाही, घर सोडण्याचा आदेश आला तर मांजर सोबतच न्या, कारण रस्ते आणि पूल बंद झाले की दोन दिवसांचे आठ दिवस कधी होतात ते कळत नाही. खरी अडचण मांजर पकडण्याची असते. वारा सुरू झाला की ते पलंगाखाली किंवा कपाटामागे दडून बसतं आणि हाताला लागत नाही. म्हणून आदेशाची वाट न पाहता त्याला आधीच एका छोट्या खोलीत, शक्यतो बाथरूममध्ये, बंद करा. कॅरियर (मांजर न्यायची पेटी) तर हरिकेनच्या हंगामभर, म्हणजे १ जून ते ३० नोव्हेंबर, घरात उघडाच राहू द्या. त्यात झोपायची सवय लागली की निम्मं काम झालं. सोबत घ्या:

- किमान ७ दिवसांचं खाणं आणि औषधं. पाणी ४ किलोच्या मांजराला रोज पाव लिटर धरा, सांडणारं वेगळं
- रेबीज लसीचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत
- मांजरासोबतचा तुमचा फोटो (हरवल्यास मालकी पटवायला)
- मांजराच्या शी-शूची ट्रे आणि त्यातली वाळू

मायक्रोचिपमध्ये (ओळखीसाठी मांजराच्या कातडीखाली बसवलेली छोटी चिप) फक्त एक क्रमांक असतो, तुमचा फोन नंबर नाही. नोंदणीतला नंबर जुना असेल तर चिप असून नसल्यासारखी. एक मात्र लक्षात घ्या: २००५ च्या कट्रिना हरिकेननंतर २००६ साली अमेरिकेत झालेल्या पेट्स कायद्यामुळे आपत्कालीन योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार करावा लागतो, पण म्हणून प्रत्येक निवारा किंवा हॉटेल त्यांना घेईलच असं नाही. तुमच्या काउंटीकडे (स्थानिक प्रशासनाकडे) आजच विचारा; काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं.