कोच म्हणतात, जागा बदल

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता टेक्सासमध्ये स्थायिक आहोत. मुलगा इथल्या विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो. रिसीव्हर आहे, म्हणजे धावत जाऊन पास झेलतो, पूर्ण स्कॉलरशिप आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपत आलंय. पहिलं वर्ष रेडशर्ट म्हणून, म्हणजे खेळायच्या हंगामांत न मोजलं जाणारं वर्ष म्हणून, बाहेर बसला, दुसऱ्या वर्षी खेळला. हिवाळ्यात संघातले तीन कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला रोखणारे डिफेन्सचे खेळाडू) ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायच्या नोंदणीतून, निघून गेले. आता कोच म्हणतात, स्प्रिंगच्या सरावापासून तू कॉर्नरबॅक खेळ. नाही म्हणायला तो घाबरतो. ह्यांचं म्हणणं, सरळ नकार द्यावा आणि दुसरं कॉलेज बघावं. काय करावं?

उत्तर: ताई, माझं मत आधी सांगतो. बदल कायमचा असेल तर मुलाने जरूर हो म्हणावं. पण फक्त एक हंगाम निभावून न्यायला त्याला इकडून तिकडे हलवत असतील, तर त्यात संघाची सोय होते आणि मुलाचं वर्ष जातं.

रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला रिसीव्हर म्हणूनच आला होता. २००८ मध्ये गुडघा दुखावला, २००९ पासून तो कॉर्नरबॅक झाला आणि त्या जागेवर त्याला दोन पूर्ण हंगाम मिळाले. व्यावसायिक संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये २०११ साली सिअ‍ॅटल सीहॉक्स संघाने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. पुढे त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या कॉर्नरबॅकमध्ये तो गणला गेला. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, ब्रॅक्स्टन मिलर मात्र २०१५ मध्ये, कॉलेजच्या अगदी शेवटच्या हंगामात रिसीव्हर झाला. तो तिसऱ्या फेरीत, म्हणजे शर्मनपेक्षाही वरच्या फेरीत निवडला गेला, पण व्यावसायिक खेळात फार टिकला नाही. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे खरं, तरी नवी जागा अंगात मुरायला वेळ लागतो, आणि तुमच्या मुलाकडे तो आहे. रेडशर्टच्या हिशेबाने त्याचे तीन हंगाम अजून शिल्लक आहेत.

काम मात्र उलटं होणार. रिसीव्हरला आपण कुठे धावणार ते ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. तो समोरच्यावर नजर ठेवून उलट्या पावलांनी मागे पळतो, आणि समोरचा वळला की त्याच क्षणी कंबर फिरवून त्याच्या जोडीने सुटतो. इथे तुमच्या मुलाचा अनुभव कामी येईल, कारण समोरच्याची पहिली पावलं बघून तो कुठे वळणार याचा अंदाज त्याला लवकर येईल. खरी अडचण टॅकलिंगची आहे. चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्या शंभर किलोच्या रनिंग बॅकला त्याला आता पाडायचंय. त्या वेळी डोकं बाजूला ठेवून खांदा कसा लावायचा हे घोटून घेतलं नाही, तर मान आणि मेंदू दोन्हींना धोका असतो. म्हणून कोचना पहिला प्रश्न हाच विचारायचा: टॅकलिंग मला कोण शिकवणार, आणि त्याला रोज किती वेळ देणार?

मग विचारायचं, पोर्टलमधून आणखी कॉर्नरबॅक आणणार आहात का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दोन अनुभवी खेळाडू येणार असतील तर ऑगस्टमध्ये मुलगा पुन्हा बाकावर बसेल, आणि तोवर रिसीव्हरची रांगही पुढे सरकलेली असेल. २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्यात तडजोड झाल्यापासून, ती मान्य केलेल्या विद्यापीठांना संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात. त्यामुळे दोन जागांवर चालणारा मुलगा कोचना हवाच असतो, पण हवा असणं आणि मैदानात उतरणं यात फरक आहे. ‘दोन्हीकडे खेळ’ असं म्हणाले तर मात्र नाही म्हणावं. ट्रॅव्हिस हंटर कोलोरॅडोकडून दोन्ही जागा खेळला, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २०२४ ची हाइझमन ट्रॉफीही जिंकला, पण असा खेळाडू क्वचितच होतो.

नकार दिला तर स्कॉलरशिप जाईल, ही धास्ती मनात ठेवू नका. करारपत्र काढून वाचा आणि खेळाचे नियम सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसमधून लेखी उत्तर घ्या. कॉलेजात खेळणाऱ्या शंभरांतले दोनसुद्धा व्यावसायिक होत नाहीत. तेव्हा डिफेन्सच्या बैठका आणि इंजिनिअरिंगच्या लॅब एकाच वेळी येतात का, हे हो म्हणण्याआधी बघायलाच हवं. कॉलेज बदलण्याबद्दल तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की इंजिनिअरिंगचे सगळे क्रेडिट नवीन ठिकाणी धरतीलच असं नाही, आणि एखादा विषय राहिला तर पदवी वर्षभर लांबते. तो मार्ग आजच बंद करू नका, पण सुरुवात तिथून नको.

हे बोलणं मुलाने स्वतः करायचं. तुम्ही दोघं त्या खोलीत नसावं. घरी बसून प्रश्न लिहून घ्यायला मदत करा. शेवटचा प्रश्न असा ठेवा: स्प्रिंग संपल्यावर डेप्थ चार्टमध्ये, म्हणजे प्रत्येक जागेच्या खेळाडूंच्या क्रमवारीत, मी कॉर्नरबॅकच्या पहिल्या चारांत नसलो, तर मला रिसीव्हर म्हणून परत घ्याल का? यावर कोच स्पष्ट हो म्हणाले, तर त्याने पहिल्याच सरावाला नव्या जागेवर उभं राहावं.