सोसायटीला सरकारपेक्षा कडक नियम लावता येतात का?

नाही येत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण तुम्ही जे लिहिलंय ना, की आईवडिलांच्या सोसायटीने आत्ताच एजीएममध्ये (वार्षिक सभेत) ठराव करून ठेवलाय की परत कोरोनासारखी साथ आली तर 'बाहेरच्या कोणत्याही कामगाराला गेटच्या आत प्रवेश नाही', ते वाचून माझं डोकंच फिरलं, कारण असला ठराव मी भोगलाय. त्यामुळे लांबलं तर लांबू दे.

2020 च्या मार्चमध्ये माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी, दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर बेडसोअर होणार. घरात आम्ही दोघंच. सकाळी आठ ते रात्री आठ एक मावशी यायच्या, आमच्या मागच्याच वस्तीत राहायच्या, चालत दहा मिनिटं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून देश बंद, आणि मावशी गेटवर अडल्या. वॉचमनला काय बोलणार, त्याला व्हॉट्सअॅपवर मेसेज आलेला, तो तेच करत होता. सुरुवातीला मीही गप्प बसलो कारण तेव्हा कोणालाच काही धड कळत नव्हतं. आंघोळ, डायपर, सगळं मी करायला लागलो. डायपर बदलताना आई डोळे घट्ट मिटून घ्यायची. मुलाने हे करायचं तिला सहनच होत नव्हतं, आणि बोलताही येत नव्हतं.

मग 21 एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाचं पत्र आलं, राज्यांच्या मुख्य सचिवांना, त्यात स्पष्ट लिहिलेलं की घरी राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची काळजी घेणारे, त्यांच्या अंथरुणाशी बसणारे अटेंडंट, यांना परवानगी आहे. आमची बिल्डिंग कंटेनमेंट झोनमध्ये (रुग्ण सापडल्यामुळे सरकारने बंद केलेल्या भागात) नव्हती. मी ते पत्र मोबाईलवर घेऊन चेअरमनकाकांच्या बाल्कनीखाली उभा राहिलो, ते दुसऱ्या मजल्यावरून खाली वाकून बोलत होते, अख्खी बिल्डिंग ऐकत होती. म्हणाले, ते केंद्राचं आहे, आपल्याकडे सोसायटीचा ठराव आहे. म्हटलं काका, ठराव दाखवा. तर ठराव म्हणजे कमिटीच्या पाच जणांनी फोनवर ठरवलेलं, ना मिनिट्स ना सही. मग खरं कारण बाहेर आलं, 'अरे पण ती झोपडपट्टीतून येते ना.' हे वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

शेवटी मेहेरबानी अशी झाली की मावशी आत येऊ शकतात पण आल्या की परत बाहेर जायचं नाही. म्हणजे आमच्या घरी येऊन राहायचं. त्यांनी ते केलं, स्वतःच्या दहावीतल्या पोरीला शेजारणीच्या भरवशावर ठेवून केलं. पोरगी अधूनमधून गेटवर कपड्यांची पिशवी आणून द्यायची. वॉचमनला ऑर्डर होती की बाहेरून आलेल्या सगळ्यावर फवारणी, म्हणून त्याने पिशवी उघडून आत सोडियम हायपोक्लोराइट मारलं. हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच हो. मावशींच्या मोरपंखी साडीवर हाताच्या पंजाएवढे विटके डाग पडले. त्या काही बोलल्या नाहीत, डाग आतल्या घडीत जातील अशी साडी नेसायला लागल्या. आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांच्या अंगावर असली फवारणी करू नका असं 18 एप्रिललाच सांगितलेलं होतं, तरी आमच्याकडे मावशी खाली आल्या की पायांवर एक फवारा मारल्याशिवाय सोडत नसत.

आता याच काळात बाकी काय चालू होतं ते ऐका. सोसायटीचा स्टिकर असलेली गाडी आली की काच खाली न करता सरळ आत. चालत येणाऱ्याच्या कपाळाला ती टेंपरेचरची बंदूक, मग सॅनिटायझर, मग रजिस्टरमध्ये नाव, तेही सुतळीला बांधलेल्या एकाच पेनने, जो सगळे धरणार. लिफ्टमध्ये थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचलेल्या, बटण हाताने दाबायचं नाही म्हणून. आणि त्याच लिफ्टमध्ये चार चार जण मास्क हनुवटीवर घेऊन, 'काय म्हणतंय तुमचं वर्क फ्रॉम होम'. कमिटीच्या मीटिंगा सोसायटी ऑफिसमध्ये, दहा बाय बाराची खोली, एसी लावून दार बंद, का तर आवाज बाहेर जाऊ नये.

सुरुवातीला वस्तूंची भीती वाटणं मी समजू शकतो. मार्च 2020 मध्ये एक अभ्यास आला होता की हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत सापडतो, त्यावरून सगळे पिशव्या धुवायला लागले. जागतिक आरोग्य संघटना स्वतः तेव्हा म्हणत होती की हा हवेतून पसरत नाही. पण त्याच मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची प्रॅक्टिस झाली, बंद हॉलमध्ये अडीच तास, 61 जण होते, एकाला आधीच लक्षणं होती, आणि बाकीच्यांतले बहुतेक सगळे आजारी पडले, दोघं गेले. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहिलं की हवेतून होणाऱ्या लागणीची दखल घ्या. 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सांगितलं की वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता दहा हजारात एकापेक्षाही कमी असते. म्हणजे धोका कमिटीच्या बंद खोलीत होता, मावशींच्या पिशवीत नव्हता. हे मी ग्रुपवर टाकलं तर काकांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि पुढच्या रविवारी परत गेट धुवून काढलं.

असो. तुमचं कायद्याचं. साथीत निर्बंध घालायचा अधिकार साथरोग कायदा 1897 (हा मुळात मुंबईच्या प्लेगसाठी केलेला) आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 यांतून येतो, आणि तो सरकारला, कलेक्टरला, महापालिका आयुक्तांना असतो. सोसायटी ही सहकारी संस्था आहे. पार्किंग, पाणी, मेंटेनन्स बघा म्हणावं. सरकारने ज्याला परवानगी दिली त्याला ती ठराव करून अडवू शकत नाही. आमच्या बी विंगमध्ये एका कुटुंबाचं होम आयसोलेशन संपलं तर त्यांच्याकडे निगेटिव्ह रिपोर्ट मागितला, जुलै 2020 मध्ये. तेव्हाच्या केंद्राच्या सूचनांत चक्क लिहिलेलं की लक्षणं सुरू होऊन 10 दिवस झाले, त्यात शेवटचे तीन दिवस ताप नाही, तर पेशंट सुटला, फक्त पुढचे 7 दिवस घरीच थांबून तब्येतीवर लक्ष ठेवायचं, आणि आयसोलेशन संपल्यावर टेस्टची गरज नाही. विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे आरटीपीसीआरमध्ये दिसतात, म्हणून. पण काकांना रिपोर्टच पाहिजे.

तुम्ही एवढं करा, त्या ठरावाची प्रत लेखी मागा, आत्ताच, साथ नसताना. बहुतेक ठिकाणी इथेच हवा निघते. प्रत मिळाली तर त्यावर लेखी हरकत नोंदवा आणि एक कॉपी सहकार खात्याच्या उपनिबंधकांना. साथ आलीच तर वॉर्ड ऑफिसची चालू ऑर्डर प्रिंट काढून गेटवर द्या, वॉचमनशी भांडू नका.

एक सांगायचं राहिलं, मी वकील नाही. आणि सोसायटीला कधीच काही करता येत नाही असंही नाही. राज्याला आणि महापालिकेला केंद्रापेक्षा कडक नियम करता येत होतेच, आणि एप्रिल 2021 च्या महाराष्ट्र सरकारच्या 'ब्रेक द चेन' आदेशात तर पाचपेक्षा जास्त पॉझिटिव्ह असलेली सोसायटी मायक्रो कंटेनमेंट झोन धरायची, गेटवर बोर्ड लावायचा, येण्याजाण्यावर लक्ष ठेवायचं हे सोसायटीवरच टाकलेलं, नाही केलं तर पहिल्यांदा दहा हजार दंड. पण तो सरकारचा आदेश होता, काकांच्या मनात आलं म्हणून नव्हे. सोसायटी कडक वागतेय म्हणून लगेच चूक, असंही समजू नका, आधी त्या दिवशीची ऑर्डर वाचा.

काका अजूनही ग्रुपवर लिहितात की आपल्या कडक शिस्तीमुळे पहिल्या लाटेत आपल्याकडे फक्त एकच घर सापडलं. काका, बी विंगचे हाल बघितल्यावर निदान तीन घरांनी तुम्हाला सांगितलंच नाही. महापालिकेला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांची औषधं मीच दाराबाहेर ठेवून यायचो.